दिवाळीआधीची बालवाडी

आमच्या बालवाडीच्या भिंतीवर ऋतूंचा एक तक्ता आहे. त्यातल्या शरदाच्या चौकटीत केशरी पानांचं झाड, खाली पानांचा सडा, आणि गळ्यात मफलर गुंडाळलेला एक गोरापान पोरगा ओंजळीनं पानं उधळतोय. मराठवाड्यात आश्विनात पान गळत नाही. पानगळ इथं होळीच्या आगेमागे. आश्विनात उलट रान नुसतं उतू जात असतं. बांधावर तरवड पिवळाधमक, पडीक जागेत कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे, कुंपणावर गोकर्ण, बाजारात झेंडूचे ढीग. आणि मफलर? ऑक्टोबर हीटमध्ये सकाळी दहालाच लेकरं घामाघूम होऊन शर्ट काढायला निघतात. पण तक्ता काढता येत नाही. तो देणगीत आलाय, आणि देणारे दर नाताळला येऊन तो जागेवर आहे ना ते बघून जातात.

आमचं गाव जालना आणि बीड जिल्ह्यांच्या शिवेवर, गोदावरीपासून फार लांब नाही. चर्चच्या आवारात एक लांबोळकी खोली, पुढं पत्र्याचा व्हरांडा, एक चिंच. लेकरं तीन ते सहा वर्षांची. ख्रिस्ती घरांतली थोडीच, बाकी वस्तीतली आणि तांड्यावरची, सगळ्या जातिधर्मांची. जूनमध्ये बालवाडी उघडते ती नावापुरती. पहिले पंधरा दिवस रडारडीत जातात, मग पेरणी येते, मग खुरपणी, मग पाऊस. खरी बालवाडी भरते ती पोळा झाल्यावर. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ती निम्मी रिकामी होते, कारण आमची बरीच लेकरं ऊसतोडीवाल्यांची आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. मुकादम उन्हाळ्या-पावसाळ्यात गरजेच्या वेळी उचल देतो, म्हणजे मजुरीतली आगाऊ रक्कम, आणि ती फेडायला जोडी पाच-सहा महिने कारखान्यावर जाते. गाळप हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो, मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, गेवराई, इकडं अंबड, घनसावंगी, या पट्ट्यातून ट्रॅक्टर-ट्रकमध्ये संसार भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. बाजा, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर बसलेलं आमचं लेकरू.

तेव्हा गौरी-गणपतीपासून लक्ष्मीपूजनापर्यंतचे जे काही आठवडे हाताशी असतात, त्यात आम्ही वर्ष कोंबतो. शहरातल्या बालवाड्यांत या दिवसांत काय काय चालतं ते मी फोनवर बघत असते. भोपळ्याचे मुखवटे, पानांचे ठसे, रंगांचा एकेक दिवस, आजी-आजोबा दिन. मला त्याचं वावडं नाही. आम्हीही पानांचे ठसे करतो. फक्त आमची पानं आपट्याची असतात.

आपट्याचा एक दिवस तर मी कधीच सोडत नाही. दसऱ्याला बाजारात जी पानं सोनं म्हणून विकतात ती पुष्कळदा कांचनाची असतात. मोठी, पातळ, दिसायला सारखी. खरा आपटा लहान, जाडसर, उंचीपेक्षा रुंद. दोन्ही पानं पोरांच्या हातात द्यायची आणि डोळे मिटायला सांगायचं. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये पान धरून ती जी गंभीर तोंडं करतात ना, कापडाच्या दुकानात पोत बघणाऱ्या बायकांची आठवण होते. मग पान मधल्या शिरेवर दुमडायचं. अर्धं अर्ध्यावर बसतं. "बाई, पुस्तकावानी झालं!" एकदा एका पोरीनं पान दुमडून माझ्या कानाशी नेऊन उघड-मीट केलं आणि विचारलं, काय बोलतंय सांगा. त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं म्हणून मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, भूक लागली म्हणतंय.

दसऱ्याचं म्हटलं की काहीजण विचारतात, चर्चच्या बालवाडीत दसरा कसा काय? आमच्या पाळकसाहेबांनाही नवे असताना हा प्रश्न पडला होता. मी त्यांना काही समजावलं नाही, फक्त करवंट्या दाखवल्या. नवरात्र बसायच्या सुमारास आम्ही करवंट्यांत काळी माती भरून गहू, ज्वारी, करडई, मूग पेरतो. कोंब कधी येतो, कोणता आधी येतो, अंधारात ठेवलेला पिवळा का पडतो, हे बघायला. अर्ध्या लेकरांच्या घरी तेव्हा घट बसलेला असतो, त्यामुळं ती आल्याबरोबर सांगतात, बाई, आमच्या घरी हेच हाय, पण त्याच्यापुढं दिवा लावतेत. ख्रिस्ती घरातलं एखादं सांगतं, रविवारच्या शाळेत गव्हाच्या दाण्याची गोष्ट झाली. दाणा तोच. पाळकसाहेबांनी करवंट्यांना पाणी घातलं आणि नंतर कधी विषय काढला नाही.

बिया, काड्या, खडे हे आमचं साहित्य काही गरिबीमुळं नाही, किंवा फक्त गरिबीमुळं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला अनुताई वाघांबरोबर जे काम केलं, त्यातलं निम्मं हेच होतं. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, बांबू यांतून तेच शिक्षण उभं करायचं. त्याच्याही आधी पंडिता रमाबाई अमेरिकेत बालोद्यान म्हणजे किंडरगार्टन पद्धत शिकून आल्या होत्या आणि 1889 मध्ये शारदा सदन काढल्यावर ती त्यांनी मराठीत वापरात आणली. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी 19व्या शतकात बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली होती. म्हणजे आमच्या भागात चर्च आणि शाळा ही जोडी जुनीच. हे सगळं मी प्रशिक्षणात शिकले. शिकवणाऱ्या बाई मात्र आम्हाला प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचं कॅटलॉग दाखवत होत्या.

साहित्यात सगळ्यात सरस म्हणजे कापूस. पहिली वेचणी सुरू झाली की कुणाच्या तरी आईकडून ओंजळभर मागून आणते. बोंडाची वाळकी टोकं टोचतात म्हणून बोंडं मी आधी उकलून ठेवते. एकेका पाकळीत सरकीचे दाणे एकमेकांना चिकटून बसलेले असतात. तीन वर्षांच्या लेकराला त्यातली एक सरकी सोडवायला सांगा. आधी ते सगळाच कापूस ओढतं. मग दातांकडं नेतं. मग कधीतरी, जीभ बाहेर काढून, एका हातानं सरकी धरून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी तंतू मागं सारतं, आणि काळा-करडा दाणा टप्पकन पाटीवर पडतो. पेन्सिल धरायची ती हीच चिमूट. मोठी लेकरं त्या कापसाच्या वाती वळतात. वाकड्यातिकड्या, मध्येच गाठाळ, पण दिवाळीला आपापल्या घरी नेतात आणि त्या पेटतात.

याच कापसाची वेचणी त्यांच्या आया दिवसभर उन्हात करतात, किलोवर मजुरी घेऊन. तो विचार डोक्यात असतोच. म्हणून सरकी काढायच्या खेळाला मी कधी शर्यत लावत नाही. कुणाचं जास्त झालं हे मोजायचं नाही, एवढा एकच नियम.

कापणीचा सण हा चर्चचा आमचा मोठा दिवस. मंडळी आपल्या शेतातलं, परसातलं पहिलं काहीतरी आणून वेदीपुढं ठेवतात. बाजरीची कणसं, मूग, उडीद, तीळ, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा, जालन्याकडची मोसंबी, बालाघाटातली सीताफळं. उपकारस्तुती झाली की बाहेर चिंचेखाली लिलाव. दहा रुपयांची गवारीची जुडी दोनशेला जाते, कारण बोली लावणारा चुलतभावावर कुरघोडी करत असतो. बालवाडीच्या लेकरांनी करवंटीत वाढवलेले कोंबसुद्धा लिलावात जातात. एके वर्षी मुसलमान घरातल्या एका आजोबांनी नातवाची करवंटी सोडवून घेतली आणि घरी जाऊन कोंब शेळीला घातले, तेही नातवाच्या हातानं. नातू खूश, शेळी खूश. पूर्वी हा सण नोव्हेंबरात ठेवायचे. आता आम्ही तो दिवाळीच्या आधीच घ्यायला लावलाय, म्हणजे कारखान्यावर जाणारी लेकरंही त्यात असतात. मंडळीत त्यावरून दोन बैठका झाल्या. एका ज्येष्ठ भावांचं म्हणणं, सोयाबीन पुरती निघायच्या आधी कापणीचा सण कसला? त्यांचं चूक नव्हतं. पण सण शेताचा आहे तसा शेतावर राबणाऱ्यांचाही आहे, आणि राबणारे नोव्हेंबरात इथं नसतात.

2025 च्या सप्टेंबरात तर कापायलाच काही राहिलं नव्हतं. महिनाअखेर असा पाऊस झाला की जायकवाडीचे दरवाजे उघडले, गोदाकाठची गावं हलवावी लागली, आणि सोयाबीन उभ्या जागी कुजली, शेंगांतूनच कोंब बाहेर आले. सण झाला, पण वेदीपुढं फार थोडं होतं. एका बाईनं कोंब फुटलेल्या शेंगांची डहाळीच आणून ठेवली. कुणी काही बोललं नाही. त्या वर्षी उचल घेतलेल्यांची यादी आणखी लांबली, हे सांगायला नकोच.

आता सूचनांचं.

बालवाडी म्हटली की पालकांना सूचना आल्याच. पूर्वी आमच्या मोठ्या बाई सूचनावही ठेवायच्या. सुंदर अक्षरात लिहून वही घरी पाठवायच्या, खाली पालकाची सही. बहुतेक सह्या लेकरांच्या मोठ्या बहिणींनी केलेल्या असत. मग व्हॉट्सॲपचा ग्रुप आला. त्यात फोन बापाकडे आणि सूचना आईसाठी, म्हणजे "उद्या डब्यात भाजी-पोळी द्या" हे दिवसभर पानटपरीवर वाजत राहायचं. शेवटी मी बोलून पाठवायला लागले. लिहिलेलं कुणी वाचत नाही, पण आवाज चारचौघांत वाजला की कुणीतरी घरी जाऊन सांगतं, अगं तुझ्या पोराच्या बाई असं असं म्हणत होत्या.

या दिवसांतल्या सूचना ठरलेल्या. पाण्याची बाटली भरून द्या आणि तिच्यावर नेलपॉलिशनं खूण करा, नाव लिहू नका, नाव लेकराला वाचता येत नाही. पाच रुपयांचं पाकीट डब्यात घालू नका. चप्पल घालताना आधी झटका, सोयाबीन काढायला सुरुवात झाली की विंचू-साप घराकडं सरकतात. ताप असेल तर पाठवू नका. डोळे आले असतील तर मुळीच पाठवू नका, गेल्या खेपेला आख्खा वर्ग लाल डोळ्यांनी बसला होता आणि माझेही आले. लेकराला न्यायला कोण येणार ते सकाळीच सांगा.

ही शेवटची सूचना सगळ्यात अवघड. सोयाबीनचं गुत्तं, म्हणजे काढणीचं ठोक काम, घेतलेली टोळी पहाटे गेली की अंधार पडल्यावरच येते. त्या दिवसांत लेकराला न्यायला कोण येईल हे आईलाच माहीत नसतं. आठ वर्षांची ताई येते. शेजारची मावशी येते. एकदा किराणा दुकानदार आला, पोत्यांसोबत रिक्षात बसवून नेतो म्हणाला. नियम असा की ओळखीचं माणूस असल्याशिवाय लेकरू सोडायचं नाही. पण नियम लिहिणारानं असं धरलंय की दुपारी साडेबाराला घरात कुणीतरी आहे. आमच्याकडं ते नसतं. मग या दिवसांत मदतनीस मावशी आणि मी आळीपाळीनं थांबतो, आणि सूचना बदलून टाकलीय: उशीर झाला तरी चालेल, पण ओळखीच्याच माणसाला पाठवा. पगार साडेबारापर्यंतचाच आहे, तो भाग वेगळा.

सूचना देताना आवाज चढवायची बालवाडीताईंना एक खोड असते. मला नाही असं नाही. पण ज्या आईला मी "वेळेवर या" म्हणते तिची वेळ मुकादमाच्या हातात असते, आणि मुकादमाला माझा आवाज जात नाही. त्यामुळं हल्ली सूचना करण्याआधी मी बघते, ती पाळणं ज्याला सांगतेय त्याच्या हातात आहे का. हातात नसेल तर ती सूचना राहत नाही, टोमणा होतो. सुट्टीआधीच्या पालकसभेत म्हणून मी "हजेरी चांगली ठेवा" हे वाक्य बोलत नाही. त्याऐवजी कारखान्याचं बोलते.

ही सभा वसुबारसेच्या आधी असते. गाठोडी बांधायला सुरुवात झालेली असते, बाया घाईत असतात, त्यामुळं बसायला सांगत नाही, उभ्याउभ्याच बोलून घेते. माता-बाल संरक्षण कार्ड पेटीत नको, वरच्या पिशवीत ठेवा. डोस राहिला असेल तर तिथल्या अंगणवाडीत हे कार्ड दाखवा. देशात अंगणवाडी 1975 पासून आहे, ती गावाला बांधलेली नाही, तिथल्या ताई नाही म्हणाल्या तर मला फोन लावून द्या. कोणत्या कारखान्यावर, कोणत्या टोळीत, ते मला सांगून जा.

आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात हळू बोलून, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं: लेकराला पाचटावर झोपवू नका. तोडलेल्या उसाचं पाचट मऊ असतं, उबदार असतं, लेकरू त्यात गडप होऊन झोपतं, आणि ट्रॅक्टर मागं येतो. ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही. ट्रॉलीच्या सावलीतही झोपवू नका. बांधावर झोळी बांधा, लाल फडकं बांधा, थोरल्याला जवळ बसवा. एवढं बोलून झालं की दरवर्षी थोडा वेळ कुणी बोलत नाही, मग कुणीतरी म्हणतं, "व्हय बाई, ते ध्यानात हाय." ध्यानात असतंच. मी नव्यानं काहीच सांगत नसते.

सहा वर्षांवरच्या पोरांसाठी बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहं निघाली, आई-बाप गेले तरी पोरं गावात राहून शाळा शिकतात. चांगली गोष्ट आहे, जिथं नीट चालतात तिथं. पण तीन-चार वर्षांच्याला कोण वसतिगृहात ठेवणार? ते आईबरोबरच जातं. म्हणून प्रत्येकाला एक पिशवी देतो. पाटी, खडूचे तुकडे, चित्रांची कार्डं, सरकी, चिंचोके, आपट्याची दोन वाळलेली पानं. मार्चमध्ये परत आलेल्या पिशव्यांत बहुधा चिंचोके नसतात, ते भाजून खाल्लेले असतात. पाटी फुटलेली असते. एका पिशवीतून एकदा उसाच्या पेराचे गोल काप निघाले, वाळवून, मोठ्यापासून लहानापर्यंत दोऱ्यात ओवलेले. बाप म्हणाला, कोप्यावर, म्हणजे तिथल्या झोपडीत, बसल्या बसल्या पोरीनं ओवले, टाकू देईना. तो हार आता आमच्या साहित्याच्या पेटीत आहे, लहान-मोठं शिकवायला.

दिवाळीनंतर जी उरतात ती आजीच्या जिवावर राहिलेली. त्यांच्या सूचना फोनवर जात नाहीत, फाटकाशी उभं राहूनच सांगाव्या लागतात, आणि आज्यांना एका सूचनेला तीन उत्तरं येतात. 14 नोव्हेंबरचा बालदिन झाला की नाताळची तयारी सुरू होते. मरिया, योसेफ, तीन ज्ञानी, मेंढपाळ. निम्मे गेल्यावर माणसं पुरत नाहीत, मग एकच लेकरू आधी देवदूत होतं आणि पंख काढून ज्ञानी होतं. मेंढरं मात्र हवीतच, मेंढरांशिवाय मेंढपाळ काय करणार. मी फाटकावर सांगितलं, मेंढरासाठी घरातलं एखादं पांढरं पांघरूण द्या.

"पांढरं कुठलं आणू माय," एक आजी म्हणाली, "घरात काळं घोंगडं हाय, धनगराकडून घेतलेलं."

काळंच आणा म्हटलं. आपल्याकडची मेंढरं तशीही काळीच.

"आन ते टोचतंय," ती म्हणाली. "आतून काय घालू त्याला, बनियन का सदरा?"